गाडीखाली पाणी पडायचं थांबलं आणि मॅट ओली झाली: एसीचं पाणी की गळती?

वाशिष्ठी_काठ (चिपळूण)

नमस्कार मंडळी. पेट्रोल हॅचबॅक, सहा वर्षं जुनी, सीएनजी किट नंतर बाहेरून बसवलेलं. एसी लावून गाडी उभी केली की पुढच्या डाव्या चाकाच्या थोडं मागे पाण्याचं डबकं व्हायचं. एसीचंच पाणी म्हणून कधी लक्ष दिलं नाही. हल्ली ते डबकं होतच नाही. उलट ड्रायव्हरशेजारच्या सीटपुढची मॅट उचलली तर खालचं कार्पेट चिंब. वळणावर डॅशबोर्डच्या आतून डुबुक डुबुक आवाज येतो. एसी मात्र पहिल्यासारखाच थंड आहे.

त्यात कुलंटची (इंजिन थंड ठेवणाऱ्या द्रवाची) बाटली मिनिमम रेषेच्या जरा खाली दिसतेय. एका गॅरेजचं म्हणणं, ‘कूलिंग कॉइल लीक आहे, डॅशबोर्ड उतरवून बदलावी लागेल.’ दुसऱ्याचं म्हणणं, हीटर कोर (केबिनला गरम हवा देणारा, आतून कुलंट फिरणारा छोटा रेडिएटर) फुटलाय, तोही डॅशबोर्ड उतरवूनच. डॅशबोर्ड उतरवायच्या आधी घरच्या घरी काय काय तपासता येईल? घरात साधी हत्यारं, एक जॅक आणि दोन स्टँड आहेत.

झटपट_गणू

एसीचा गॅस कमी झाला असणार. गॅस मारून घ्या, पाणी बंद होईल.

पाना_दहा_बारा

गणूभाऊ, हवा थंड येतेय असं ते स्वतः लिहितायत, मग गॅस कशाला? आणि पाणी बंद झालंय हीच तर त्यांची अडचण आहे.

एसीचं पाणी गाडीखाली पडणं ही तब्येत ठीक असल्याची खूण. दमट हवेत एसी चालू असून पाणी पडत नसेल तर ते कुठं जातंय हे शोधायचं. तुमचं कुठं जातंय ते कार्पेट सांगतंय.

हिशेब बघा. चिपळूणला मे महिन्यात ३३ अंश आणि ७० टक्के आर्द्रता धरली तर एका घनमीटर हवेत साधारण २५ ग्रॅम पाणी वाफेच्या रूपात असतं. ती हवा कूलिंग कॉइलवरून जाऊन ८ अंशांपर्यंत गार झाली की तिच्यात जेमतेम ८ ग्रॅम मावतं. बाकीचं सोळा-सतरा ग्रॅम कॉइलच्या पातळ पत्र्यांवर जमून खालच्या ट्रेमध्ये उतरतं आणि ड्रेन पाइपनं फायरवॉलच्या (इंजिन आणि केबिन यांच्यामधल्या पत्र्याच्या) बाहेर पडतं. ब्लोअर (एसीचा पंखा) तासाला शे-दोनशे घनमीटर हवा सहज ढकलतो. म्हणजे बाहेरची हवा आत घेत असाल तर तासाला एक-दोन लिटर पाणी निघणं यात नवल काही नाही. हेच गणित नागपूरला मे महिन्यात, ४३ अंश आणि १५ टक्के आर्द्रतेला करा. हवेत मुळात नऊएक ग्रॅम पाणी, त्यामुळं गाडीखाली चार थेंब पडले तरी पुष्कळ. तिथल्या माणसानं पाणी पडत नाही म्हणून घाबरायचं कारण नाही. कोकणातल्यानं मात्र चौकशी करावी.

आतलीच हवा फिरवायचं बटण दाबलेलं असेल तर दहा-पंधरा मिनिटांत केबिनमधली हवा कोरडी होते आणि ठिबकणं बरंच कमी होतं. म्हणून तपासताना बटण बाहेरच्या हवेवर, ब्लोअर जोरात, तापमान सगळ्यात थंड. चांगल्या गाडीत पाच ते दहा मिनिटांत थेंब सुरू होतात आणि गाडी बंद केल्यावरही दहा-वीस मिनिटं पडत राहतात. आपल्याकडं स्टिअरिंग उजवीकडं, त्यामुळं बहुतेक गाड्यांत कॉइल ग्लोव्ह बॉक्सच्या मागं असते आणि पाणी डाव्या बाजूला किंवा मधोमध, इंजिनच्या मागच्या अंगाला पडतं. रेडिएटरच्या खाली, चाकाच्या आतल्या बाजूला किंवा गाडीच्या मागच्या भागात पडलेलं पाणी एसीचं समजायचं नाही. मागं वेगळी कूलिंग कॉइल असलेल्या मोठ्या गाड्यांत दुसरा ड्रेन मागं असतो, तेवढा अपवाद. सायलेन्सरच्या टोकातून सकाळी येणारं पाणी हा वेगळाच विषय. पेट्रोल जळताना पाणी तयार होतंच, नळकांडं गार असेपर्यंत ते थेंबांनी पडतं.

आता ‘कूलिंग कॉइल लीक’ या निदानाबद्दल. कॉइलमध्ये पाणी नसतं, गॅस असतो. तुमच्या वयाच्या गाडीत बहुधा आर-१३४ए, जो उघड्यावर उणे २६ अंशांना उकळतो. कॉइलला भोक पडलं तर गॅस हवेत उडून जाईल, कार्पेट ओलं होणार नाही. आणि गॅस गेला की गारवा जाईल. तुमचा गारवा शाबूत आहे. ओलं कार्पेट दाखवून कॉइल बदला म्हणणं हे निदान नाही, बिल आहे.

डुबुक आवाज, ओलं कार्पेट, खालचं ठिबकणं बंद, ही तिन्ही एकत्र आली की ड्रेन तुंबलाय असं मी बघायच्या आधीच म्हणेन. ट्रे भरतो, वळणावर पाणी हिंदकळतं आणि ब्लोअरच्या किंवा जोडाच्या बाजूनं आत सांडतं. पण कुलंट खाली गेलंय म्हणताय, म्हणून हीटर कोरचा संशय लगेच झटकता येत नाही. कार्पेटमधलं पाणी पिळून एका बाटलीत घ्या, मग पुढचं बोलू.

रेडिएटर_राव

वरच्या प्रतिसादाशी सहमत. पाणी ओळखायचं कसं, ते लिहितो.

रंगावर भिस्त ठेवू नका. सगळीकडं लिहिलेलं असतं की कुलंट हिरवं, लाल, गुलाबी किंवा निळं असतं. कंपनीतून निघताना असतं. आपल्याकडं बाटली खाली दिसली की साधं पाणी ओतायची सवय आहे, पेट्रोल पंपावरचं, बिसलरीचं, मिळेल ते. चार वेळा असं झालं की गळणारं कुलंट इतकं फिकं होतं की जमिनीवर बघून पाणीच वाटतं. हाच घोटाळा उलट बाजूनंही होतो. काळ्या कार्पेटमधून पिळलेलं स्वच्छ एसीचं पाणी धुळीनं तांबूस होतं आणि लोक कुलंट समजून घाबरतात.

त्यापेक्षा हे करा. पांढऱ्या टिश्यूवर दोन थेंब टाकून दोन बोटांत चोळा. एसीचं पाणी पाण्यासारखंच लागतं, कुलंटमधलं ग्लायकॉल असेल तर बुळबुळीत लागतं आणि किंचित गोडसर वास येतो. मग बाटलीच्या झाकणात चमचाभर घेऊन दिवसभर कडक उन्हात ठेवा. पाणी उडून जाईल, फार तर धुळीचा डाग राहील. ग्लायकॉल सहजासहजी उडत नाही, तळाला चिकट पाकासारखा थर राहतो. झाकण नंतर फेकून द्या, स्वयंपाकघरातली वाटी यासाठी वापरू नका. आणि चव अजिबात बघायची नाही. इथिलीन ग्लायकॉल गोड लागतं आणि विषारी असतं. कुत्री-मांजरं ते चाटतात आणि थोड्या मात्रेतही त्यांची मूत्रपिंडं जातात. अंगणात कुलंट सांडलेलं दिसलं तर आधी मातीनं टिपा, मग भरपूर पाण्यानं धुवा.

घरात आरओ मशीन असेल तर पाण्याचा टीडीएस (विरघळलेल्या क्षारांचं प्रमाण) मोजायचं पेनासारखं मीटर बहुतेक असतंच. ते इथं कामाला येतं. एसीचं पाणी म्हणजे हवेतून गाळलेलं पाणी, त्याचा आकडा थेट नळीतून घेतला तर बहुधा ५० च्या आत येतो. कार्पेटमधून पिळलेल्याचा थोडा वाढेल. कुलंटमध्ये गंजरोधक क्षार असतात, त्यामुळं पातळ केलेल्याचाही आकडा शेकड्यांत किंवा त्याहून वर जातो. नळाच्या पाण्याचा आकडाही घेऊन ठेवा, तुलनेला बरा पडतो. पावसाचं पाणीही कमीच दाखवेल, म्हणून एसीचं की पावसाचं हे मीटर सांगणार नाही. कुलंट आहे की नाही एवढंच ते सांगेल.

हीटर कोरची आणखी एक खूण काचेवर दिसते. कोर गळत असेल तर समोरच्या काचेला आतून तेलकट वाफ धरते, पुसली की फरांटे उठतात, आणि काचेवर हवा सोडल्यावर ती जास्तच धरते. गरम हवा लावली की केबिनमध्ये गोड वास भरतो.

कुलंटची पातळी इंजिन पूर्ण गार असताना, सपाट जागेवर, सकाळी बघा. गरम आणि गार यांत बोटभर फरक पडतो, तो गळतीचा नाही. गरम इंजिनावर रेडिएटरचं झाकण उघडायचं नाही. आत १ बारच्या आसपास दाब असतो आणि पाणी १०० अंशांच्या वर असूनही उकळत नसतं. झाकण फिरवलंत की दाब सुटतो आणि ते तोंडावर उकळतं.

बाहेरून बसवलेलं सीएनजी किट म्हणालात, तर आधी तिथं बघा. रिड्युसर गॅसचा दाब उतरवताना गार पडतो, म्हणून त्याला गरम ठेवायला कुलंटच्या दोन नळ्या जोडलेल्या असतात. त्यासाठी मूळ होज कापून टी-जॉइंट घातलेले असतात, म्हणजे किमान सहा नवे क्लॅम्प. कुलंट हळूहळू कमी होणाऱ्या सीएनजी गाड्यांत हे जोड पहिले संशयित. ताजी गळती तिथं दिसेलच असं नाही, गरम भागावर पडलेला थेंब वाळून जातो. पांढरट, गुलाबी किंवा हिरवट खडीसाखरेसारखी खपली दिसते, ती शोधा. इंजिन तापलेलं असताना रिड्युसरवर दहिवर धरत असेल तर त्याच्यापर्यंत गरम कुलंट पोहोचत नाही, म्हणजे पातळी बरीच खाली आहे किंवा नळीत हवा अडकली आहे.

तिथं काही नसेल तर रेडिएटरची प्लॅस्टिकची टाकी आणि ॲल्युमिनियम यांचा सांधा, वॉटर पंपच्या खालचं बारीक छिद्र (पंपाचं सील गेलं की तिथूनच ठिबकतं), थर्मोस्टॅटचं घर, आणि रेडिएटरच्या झाकणाचं रबर. गॅरेजमध्ये हातपंपासारखा प्रेशर टेस्टर असतो. गार इंजिनावर तो झाकणाच्या जागी लावून झाकणावर छापलेल्या आकड्याइतका दाब द्यायचा (०.९ किंवा १.१ असा आकडा असतो) आणि वीस मिनिटं सोडायचं. काटा उतरला आणि बाहेर कुठं थेंब नाही, तर मग हीटर कोर किंवा हेड गॅस्केट (इंजिनच्या दोन भागांमधलं पॅकिंग). डॅशबोर्ड उतरवायची भाषा त्यानंतर.

जाता जाता, गाडीखाली इतरही काही पडू शकतं. इंजिन ऑइल तपकिरी-काळं, पावसाळी रस्त्यावर त्याची इंद्रधनुषी साय दिसते. ऑटोमॅटिक गिअरचं आणि पॉवर स्टिअरिंगचं तेल पुष्कळदा लालसर. काच धुवायचं पाणी निळसर आणि साबणाच्या वासाचं. नुसतं थेंब थेंब पडत असेल तर यातलं बहुतेक काम एक-दोन दिवसांनी केलं तरी चालतं. ब्रेक ऑइलचं तसं नाही. चाकाच्या आतल्या बाजूला किंवा ब्रेक पेडलच्या वरच्या अंगाला फिकट पिवळसर, अतिशय निसरडा ओलावा दिसला आणि ब्रेक ऑइलची डबी खाली गेली असेल, तर गाडी जागेवरून हलवू नका. मेकॅनिकला घरी बोलवा.

वाशिष्ठी_काठ

दोघांचे आभार. कार्पेटमधून पिळलेल्या पाण्याचा टीडीएस ६४ आला, नळाचा १५०. झाकणातलं उन्हात पूर्ण उडालं, खाली नुसती माती. वास नाही, काच स्वच्छ. कुलंट सकाळी गार इंजिनावर मिनिममच्या अर्धा इंच खाली, आणि रिड्युसरच्या खालच्या नळीच्या क्लॅम्पपाशी हिरवट खपली सापडली. म्हणजे दोन वेगळी दुखणी दिसतायत. ड्रेन स्वतः साफ करता येईल का?

थंडहवा

येईल. तासाभराचं काम आहे, त्यातला अर्धा वेळ नळी शोधण्यात जातो.

इंजिन गार झाल्यावरच हात घाला, ड्रेनच्या जवळूनच सायलेन्सरचा पाइप जातो. सपाट फरशीवर गाडी गिअरमध्ये टाका, हँडब्रेक ओढा, मागच्या चाकांना दोन्ही बाजूंनी लाकडी ठोकळे द्या. पुढून उचलून स्टँडवर ठेवा. नुसत्या जॅकवर गाडी असताना खाली जायचं नाही. डोळ्यांवर साधा चष्मा असू द्या, कारण तोंड बरोबर नळीखाली येतं आणि साचलेलं पाणी सुटलं की काळा चिखल घेऊन भसकन येतं. लिटर-दीड लिटर मावेल असं घमेलं खाली ठेवा.

फायरवॉलवर, डाव्या पायाच्या जागेच्या बाहेरच्या बाजूला, अंगठ्याएवढ्या जाडीची रबरी कोपर किंवा आखूड नळी दिसेल. तिच्यावर क्लॅम्प नसतो, जाड ॲल्युमिनियमचे एसीचे दोन पाइप तिच्या वरच्या बाजूला फायरवॉलमध्ये शिरलेले असतात. ते सापडले की ही सापडते. हीटरच्या दोन रबरी नळ्यांशी गल्लत करू नका, त्या क्लॅम्पनं आवळलेल्या असतात आणि त्यांत कुलंट असतं.

आधी रबराचं टोक बोटांनी दाबून चुरडा. काही गाड्यांत टोक चपटं, चोचीसारखं असतं आणि तिथंच गाळ अडकतो. पुष्कळदा एवढ्यानंच पाणी सुटतं. सुटलं नाही तर गवत कापायच्या यंत्राचा दोन-अडीच मिलीमीटर जाडीचा नायलॉनचा धागा किंवा लांब केबल टाय घ्या आणि टोक गोल करून हळूहळू फिरवत आत घाला. पंधरा सेंटिमीटरच्या पुढं रेटायचं नाही. पुढं ट्रे आहे आणि ट्रेच्या लगेच वर कॉइल. सायकलचा आरा किंवा लोखंडी तार घालणारे लोक असतात. कॉइलचा पत्रा कागदाइतका पातळ असतो, त्याला टोक लागलं तर आज नसलेली गॅसगळती उद्या सुरू होईल.

पाणी निघून गेलं की ओलं-सुकं ओढणारा व्हॅक्यूम क्लीनर नळीच्या तोंडाशी कापड गुंडाळून लावा आणि मिनिटभर ओढू द्या. ट्रेमधला गाळ असा निघतो.

नंतर एसी पूर्ण थंडाव्यावर, बाहेरची हवा, ब्लोअर जोरात. दहा मिनिटांत थेंब पडायला हवेत. खाली पडतंय आणि कार्पेटही पुन्हा भिजतंय, असं झालं तर नळी आतल्या बाजूनं ट्रेपासून निसटली आहे किंवा फायरवॉलवरचं फोमचं पॅकिंग दबलंय. ते डाव्या पायाच्या जागेतून, मधल्या कन्सोलच्या बाजूचं कार्पेट सोडवलं की दिसतं. डॅशबोर्डला हात लावावा लागत नाही.

तुंबतं कशानं, तर गुलमोहराच्या बारीक पानांनी, आंब्याच्या मोहरानं आणि आपल्या कोकणात जांभ्याच्या लाल धुळीनं. ती ओल्या कॉइलला चिकटते, वर बुरशी धरते आणि त्याची चिकट साय ट्रेमध्ये उतरते. गाडी महिनाभर उभी असेल तर कुंभारीण माशी नळीच्या तोंडात मातीचं घर करते, मग आतून कितीही साफ करा, बूच बाहेरच असतं. ग्लोव्ह बॉक्स काढून केबिन फिल्टर आहे का तेही बघून घ्या. काही स्वस्त मॉडेलांत फिल्टरची जागा असते आणि फिल्टरच नसतो, बाहेरची धूळ थेट कॉइलवर. काहींत झाकण कापून फिल्टर बसवता येतो.

मेकॅनिक_मोड

टायरमध्ये हवा भरायच्या कॉम्प्रेसरची हवा खालून मारली की दोन सेकंदांत मोकळी होते, एवढा खटाटोप कशाला?

थंडहवा

मोकळी होते हे खरं, पण गाळ उलटा ट्रेमध्ये आणि कॉइलवर उडतो आणि महिन्याभरात परत खाली येऊन बसतो. टायरच्या दुकानातली हवा शंभर पीएसआयच्या वर असते, तेवढ्यानं आतली नळी निसटते, आणि मग खरंच आत हात घालावा लागतो. दुसरा काही उपायच नसेल तर दाब ३० पीएसआयच्या खाली आणून, एकेका सेकंदाचे फुसकारे, तेही आधी धाग्यानं मोकळं केल्यावर. ओढून घेणं केव्हाही बरं.

गेज_लावा

ड्रेनचं झालं. पण ‘कॉइल लीक’ हे निदान उन्हाळ्यात सर्रास ऐकायला मिळतं, म्हणून ज्यांचा गारवा खरंच गेलाय त्यांच्यासाठी चार ओळी.

बॉनेटखालच्या स्टिकरवर गॅसचा प्रकार आणि वजन ग्रॅममध्ये लिहिलेलं असतं, छोट्या गाड्यांत बहुधा ३०० ते ५०० च्या दरम्यान. ज्या गॅरेजमध्ये गॅस काढून मोजणारं मशीन आहे तिथं जा आणि आधी आतला सगळा गॅस काढून वजन सांगायला सांगा. स्टिकरवर ४०० आणि निघाला ३८० तर गळती विसरा, दुखणं दुसरीकडं आहे. निघाला १५० तर गळती नक्की, आता ती शोधायची. हा आकडा न सांगता कोणी कॉइल बदला म्हणत असेल तर सरळ परत फिरा.

गाडी बंद असताना नुसता गेज (दाब मोजायचा काटा) लावून ‘प्रेशर आहे, गॅस आहे’ म्हणणारेही भेटतील. ३० अंशांना आर-१३४ए चा बंद अवस्थेतला दाब ९७ पीएसआयच्या आसपास दाखवतो, मग आत १५० ग्रॅम असो नाहीतर ४००. थोडा जरी द्रवरूप गॅस शिल्लक असेल तरी दाब तोच राहतो. तो आकडा फक्त तापमान सांगतो, प्रमाण नाही.

गळतीची जागा बहुतेक वेळा तेलकट धुळीनं कळते. गॅससोबत कॉम्प्रेसरचं तेल फिरत असतं, गॅस उडून जातो आणि तेल तिथंच राहून धूळ धरतं. कंडेन्सरला (रेडिएटरच्या पुढं असलेल्या एसीच्या जाळीला) पुढून खडे लागतात तिथं, पाइपांच्या जोडांवरच्या ओ-रिंगपाशी, कॉम्प्रेसरच्या पुलीमागं आणि सर्व्हिस व्हॉल्व्हच्या टोपीखाली बघा. कूलिंग कॉइलचं मात्र अवघड असतं. ती दिसत नाही, आणि तिच्यावरचं तेल रोजच्या ठिबकणाऱ्या पाण्याबरोबर धुऊन जातं. म्हणून शेवटी तपास ड्रेनपाशीच येतो. चमकणारा रंग घालून काही दिवस गाडी चालवायची आणि अंधारात यूव्ही टॉर्च ड्रेनच्या तोंडावर मारायचा. पिवळट-हिरवं चमकलं तर कॉइल. किंवा एसी चालवून गाडी बंद करा, ब्लोअरही बंद, पंधरा मिनिटं थांबा आणि गॅस हुंगणारं यंत्र ड्रेनपाशी धरा. आर-१३४ए हवेपेक्षा जड, तो खालीच उतरतो. यंत्राच्या टोकात पाण्याचा थेंब जाऊ देऊ नका, ते तिथंच खराब होतं.

आणखी एक गोष्ट लोकांना घाबरवते. बॉनेट उघडल्यावर फायरवॉलपाशी जाड ॲल्युमिनियमच्या पाइपला घाम सुटलेला असतो आणि थेंब पडत असतात. तो कॉम्प्रेसरकडं परत जाणारा गार गॅस, पाइपला घाम येणारच. घामाऐवजी बर्फ दिसला तर मात्र काहीतरी बिघडलंय. फिल्टर चोंदून हवा कमी जातेय, गॅस कमी आहे, किंवा कॉइलचा तापमान सेन्सर कॉम्प्रेसरला वेळेवर थांबवत नाहीये. कॉइलवरच बर्फ धरला तर तासाभरानं हवा येणं बंद होतं, आणि गाडी उभी केल्यावर तो वितळून एकदम भरपूर पाणी पडतं. तेही लोक गळती समजतात.

चार्जिंग_पॉइंट

इलेक्ट्रिक गाडीवाल्यांसाठी: फास्ट चार्जिंगला लावलेली गाडी उभी असतानाही कॉम्प्रेसर सुरू होऊ शकतो, बॅटरी थंड ठेवायला. तेव्हा पुढच्या भागात थेंब पडले तर घाबरू नका. पण या गाड्यांतही बॅटरी आणि मोटरसाठी कुलंट असतं, त्याची पातळी बघत चला. आणि खाली वाकून काही शोधताना नारिंगी केबलींपासून हात लांब ठेवा.

पत्रा_आणि_गादी

ड्रेन मोकळा झाला तरी काम अर्धंच झालं. कार्पेटच्या खाली फोमची किंवा वाकळीसारखी जाड गादी असते, ती काही लिटर पाणी धरून ठेवते. वरून हात लावला तर कोरडं, अंगठ्यानं दाबलं तर पाणी वर येतं. तसंच सोडलंत तर पावसाळ्यात वास आणि बुरशी, दोन वर्षांनी पत्रा गंजलेला.

डाव्या दाराच्या उंबऱ्याची प्लॅस्टिक पट्टी वर ओढून काढा, पायाच्या बाजूचं पॅनेल सोडवा, मग कार्पेट पुढून उचलता येतं. खाली लाकडाचे ठोकळे घालून अधांतरी ठेवा. जुने टॉवेल गादीवर टाकून वर उभं राहून दाबा, टॉवेल कोरडा निघेपर्यंत. मग टेबलफॅन लावून दारं उघडी ठेवा, दमट हवेत दोन दिवसही लागतील. घाई असेल तर गादी बाहेर काढून उन्हात टाका. सीट काढायची वेळ आली तर आधी बॅटरीची निगेटिव्ह केबल सोडून दहा मिनिटं थांबा. सीटखालचे पिवळे कनेक्टर एअरबॅगचे किंवा बेल्टचे असतात, चालू करंटवर ते ओढायचे नाहीत. तिथल्या वायरिंगच्या जोडांत हिरवा गंज दिसला तर कॉन्टॅक्ट क्लीनर मारून पुसा.

पावसाआधी एक खात्री करून घ्या. एसी बंद ठेवून, समोरच्या काचेच्या खालच्या जाळीवर साध्या नळीनं पाच मिनिटं पाणी सोडा, कोणालातरी आत बसवून टॉर्चनं पाहायला सांगा. वॉशिंग सेंटरचा जोराचा फवारा नको, तो कुठूनही आत घुसतो आणि नसलेली गळती दाखवतो. पाणी वरून, ब्लोअरच्या बाजूनं उतरलं तर जाळीखालची निचऱ्याची भोकं पाल्यानं बुजली आहेत. दाराच्या कडेनं आलं तर दाराच्या पॅनेलमागचा प्लॅस्टिकचा कागद सुटलाय, तो परत चिकटवता येतो.

फरशीच्या पत्र्यात रबरी बुचं असतात, साचलेलं पाणी सोडायला ती काढलीत तर परत बसवताना कडेनं थोडं सीलंट लावा. चिपळूणच्या पावसात रस्त्यावरचं पाणी तिथूनच वर येईल.